बावन्न टक्के

"नाना, एकदा मोठ्याने वाचून दाखवा," जावई म्हणाला.

त्याने शेडच्या खांबाला एक कागद चिकटवला होता. प्लॅस्टिक चढवलेला, कोपरे गोल कापलेले. दुसरीतल्या पोराला उभं करून धडा वाचायला लावावं, तसा तो माझ्याकडे बघत होता. मी एकसष्टचा होतो.

"मला वाचता येतं, चेतनराव."

"येतं हो. पण मोठ्याने वाचलं की लक्षात राहतं."

माझी मुलगी हर्षदा ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. तिला सातवा महिना होता. तिने मान किंचित हलवली, म्हणजे वाचा ना, कशाला ताणता. मी वाचलं. बॅटरी चाळीस ते साठ टक्क्यांच्या मध्ये ठेवणे. चार्जिंगची गन लावून ठेवू नये. पंधरा दिवसांतून एकदा टक्के बघणे. चाळीसच्या खाली गेल्यासच थोडं चार्ज करणे. गाडी पत्र्याखाली न ठेवता कडुनिंबाच्या सावलीत ठेवणे. अशी एकूण अकरा कलमं होती.

चेतन भारंबे पुण्याला एका कंपनीत होता आणि कंपनी त्याला तीन महिने जर्मनीला पाठवत होती. हर्षदाचं पहिलं बाळंतपण, म्हणून ती आमच्याकडे जळगावला आलेली. आणि त्यांच्या पुण्याच्या सोसायटीने पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट काढू दिला नव्हता, म्हणून गाडीही माहेरी आलेली. बायको आणि गाडी, दोन्ही एकाच दिवशी माझ्या दारात आणून सोडल्या. गाडीसाठी अकरा कलमं होती. बायकोसाठी अर्धी ओळ नव्हती. हे मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं, कारण मला त्याच्याविरुद्ध टिपायला काहीही चालायचं.

"अर्धी कशापायी ठेवायची?" मी विचारलं. "गाडी उभी राहणार तर बॅटरी फुल पाहिजे."

"ही लिथियमची आहे नाना. पूर्ण भरून उन्हाळाभर ठेवली तर आतून खराब होते. तुम्ही फक्त कागदावर आहे तेवढं करा. इथे ते ॲसिडवाल्या बॅटरीचं डोकं लावू नका, प्लीज."

तो हसून म्हणाला. हर्षदा खाली बघू लागली.

आता हे मला बोलणारा कोण, तर ज्याला स्कूटरची बॅटरी उलटी बसली तरी कळलं नसतं असा माणूस. मी एस.टी.च्या वर्कशॉपात बत्तीस वर्षं बॅटरी सेक्शनला काढली. माझ्या खाकी शर्टांना ॲसिडची भोकं असायची आणि बायको ती रफू करून करून वैतागायची. रिटायर झालो तरी कॉलनीतली माणसं इन्व्हर्टरच्या, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या घेऊन माझ्याच दारात येत. पत्ता विचारला की लोक 'बॅटरीवाले झोपे' म्हणूनच सांगत. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. शिक्षण नाही, शेती नाही, होतं ते एवढं नाव. आणि आमच्या सेक्शनचा पहिला धडा असा की बॅटरी अर्धपोटी ठेवायची नाही. गाडी कामाला आली की तिची बॅटरी काढायची, बाकावर चढवायची, गच्च भरायची. अर्धी राहिली की प्लेटा पांढऱ्या पडतात आणि मग तिला ब्रह्मदेव आला तरी उठवू शकत नाही. बत्तीस वर्षांत माझ्या हाताखालची एक बॅटरी उभ्या गाडीत मेलेली नाही.

जावई गेला आणि तिसऱ्या दिवशी, म्हणजे तीन मार्चला, मी गाडी पत्र्याखाली घेतली. कडुनिंबाखाली कावळे घाण करतात. मग गन लावली आणि बटण दाबलं.

हर्षदा भिंतीला धरत धरत बाहेर आली.

"नाना, साठच्या पुढे नाही न्यायचं म्हणाले होते ते."

"म्हणू दे."

"पण ती बॅटरी वेगळी असते ना?"

"बॅटरी ती बॅटरी. तू जन्माला यायच्या आधीपासून हाताळतोय मी. आणि तुझे दिवस भरत आलेत. वेळेला गाडी लागली तर? अर्ध्यावर ठेवून वाट बघायची काय?"

"दवाखाना चौकात आहे, नाना. रिक्षाने तीन मिनिटं."

"तू आत जा. उन्हात उभी राहू नको."

ती गेली नाही. थोडा वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला विचारतील ते."

"मग सांग, नानांना विचारा म्हणून."

जावयाचा इथला फोन नंबर तिकडे बंद होता. त्यामुळे गाडीचं ते ॲप त्याच्या फोनवर उघडत नव्हतं, ते ओटीपी टाकायला लावायचं आणि ओटीपी इथल्या सिमवर यायचा. म्हणून ॲप हर्षदाच्या फोनवर. दर रविवारी अकराच्या सुमारास त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. पहिल्या रविवारी मी पलंगावर बसून हरभरे सोलत होतो. कॉलच्या आधी हर्षदाने केस नीट बांधले, ओढणी सारखी केली, पाणी प्यायली. नवऱ्याचा फोन म्हणून नटतेय, असं मला वाटलं.

तब्येतीची चौकशी झाली, लोहाच्या गोळ्यांची झाली. मग तो म्हणाला, "गाडी किती टक्के?"

शेडमध्ये गाडी शंभरावर उभी होती. गन लावलेलीच होती.

"बावन्न," हर्षदा म्हणाली.

मला गंमत वाटली. खोटं सांगायचं नाही मला, उलट आनंदच झाला. पोरगी आपल्या बाजूने आहे, बापाच्या हुशारीवर तिचा विश्वास आहे, असा मी त्याचा अर्थ लावला. पुढच्या रविवारी तिने एकावन्न सांगितलं, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा बावन्न. एकच आकडा दर वेळी बरा दिसत नाही म्हणून बदलत होती बिचारी. मी समोर बसून हरभरे तोंडात टाकत होतो.

माझ्या बायकोला, सिंधूला, ते आवडत नव्हतं. ती चुलीपाशी मला म्हणाली, "पोरीले खोटं बोलाले लावता तुमी."

"मी कुठे लावलं? तिचं तिनेच सांगितलं."

"मग ती गन काढून ठेवा ना. काय बिघडतं?"

"तुले कयतं का त्यातलं?"

"मले नही कयत. त्याले कयत असंल. त्याची गाडी आहे."

मी गन काढली नाही. आमचं जळगाव एप्रिलमध्ये भट्टी होतं, मे महिन्यात तर पत्र्याखाली हात लावला की चटका बसायचा. मी रोज सकाळी गाडीवर ओलं गोणपाट टाकायचो, टायरची हवा बघायचो, काच पुसायचो. म्हणजे माझ्याकडून मी गाडीला जीव लावला. ज्याला हेवा म्हणतात तो माणसाचा होता, गाडीचा नव्हता. तो परत येईल, बटण दाबेल, गाडी शंभर दाखवेल आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणेन, बघा चेतनराव, ॲसिडवाल्या डोक्याने ठेवली आहे. हे वाक्य मी तीन महिने घोळवत होतो.

दोन मेला हर्षदाला कळा सुरू झाल्या. आम्ही तिला रिक्षाने नेलं. तीन मिनिटंच लागली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. गाडी शेडमध्ये भरल्यापोटी तशीच उभी.

जावई आठ जूनला आला. इथे मला एक गोष्ट कबूल करावी लागते. मला वाटलं होतं, हा आधी शेडमध्ये जाणार. तो नाही गेला. बॅगा दारात टाकून हात धुऊन सरळ आतल्या खोलीत गेला आणि लेकीला घेऊन कितीतरी वेळ बसून राहिला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. मला ते बघून बरं वाटायला हवं होतं. माझी थोडी निराशा झाली.

दुसऱ्या दिवशी बारसं. अंगणात मांडव घातला होता. वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, शिरा. नातलग, शेजारी आणि माझे वर्कशॉपातले जुने लोक, मिळून साठेक माणसं असतील. आमचे फोरमन वारके साहेब माझ्या शेजारच्या खुर्चीवर होते आणि त्यांच्या इन्व्हर्टरचं दुखणं मला सांगत होते. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, हसाहशी झाली. मग आचाऱ्याला शेगडी ठेवायला जागा कमी पडते म्हणून जावई गाडी हलवायला शेडमध्ये गेला.

तो बराच वेळ आला नाही. मी वाट बघत होतो. वाक्य तयारच होतं.

आला तेव्हा त्याच्या हातात फोन होता. आता त्याचं इथलं सिम चालू झालं होतं. तो माझ्याकडे आला नाही. बायकांच्या बाजूला गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "हर्षदा, जरा इकडे ये."

ती बाळाला घेऊन उठली. दोघं माझ्या खुर्चीपासून चार हातांवर उभे होते.

"हे काय आहे?" त्याने फोन तिच्यासमोर धरला. "तीन मार्चपासून शंभर टक्के. रोज शंभर. गन अजून लावलेली आहे. आणि पत्र्याखाली."

तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"तू मला दर रविवारी बावन्न सांगत होतीस."

मला वाटलं, आता ती माझ्याकडे बघणार. नानांना विचारा म्हणणार. मीच तसं सांगून ठेवलं होतं. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. बाळाच्या टोपड्याचा बंद नीट करत म्हणाली, "मीच लावली होती. काढायची विसरले."

"शंभर दिवस विसरलीस?"

"हो."

"आणि खोटं का बोललीस?"

"तुम्ही चिडाल म्हणून."

त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, कोणीतरी मध्ये पडलं असतं. तो त्याच खालच्या पट्टीत, शब्द एकेक मोजून बोलत राहिला. "मी काय काम दिलं होतं तुला? आकडा बघायचा आणि सांगायचा. पाचवीतलं पोर करेल. बॅटरीचा सत्यानाश केलास ते एक सोड. तुझ्या डोक्यात काही शिरतच नाही, हे मी किती वर्षं सांगतोय. आणि तू मूल वाढवणार. बघ तिच्याकडे. काय होणार आहे तिचं तुझ्या हाताखाली?"

बायकांच्या बाजूचं बोलणं थांबलं. आचारी बट्टी फोडत होता, तोही थांबला.

"चुकलं माझं," हर्षदा म्हणाली. "पुन्हा नाही होणार."

हे ती पटकन म्हणाली, आणि तिला ते पाठ होतं.

मी उठून 'गन मी लावली' एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. तीन शब्द होते. पण मला कळत होतं की मग पुढचा प्रश्न येणार, का लावली. आणि वारके साहेबांसमोर, माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरांसमोर हा माणूस मला लिथियमचा धडा देणार. बॅटरीवाल्या झोपेंनी बॅटरी मारली, हे संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं असतं. मी शब्द जुळवत होतो. तेवढ्यात तो माझ्याकडे वळला.

"नाना," तो म्हणाला आणि त्याने चक्क हात जोडले. "तुमची माफी मागतो. जाताना मी तुम्हाला ॲसिडचं डोकं वगैरे बोललो. मला वाटलं होतं, गाडी बिघडली तर तुमच्या हातून बिघडेल. तुमच्यासारखा बॅटरीतला माणूस घरात असून हिला तुम्हाला एक शब्द विचारावासा वाटला नाही."

"झोपेंच्या हातून बॅटरी गेली, असं बत्तीस वर्षांत घडलं नाही," वारके साहेब म्हणाले.

"तेच ना," जावई म्हणाला.

लग्नाला चार वर्षं झाली होती आणि या माणसाने मला पहिल्यांदा मान दिला होता, तोही भरल्या मांडवात. तो मला गोड लागला. लपवण्यात अर्थ नाही, फार गोड लागला.

"असू द्या, चेतनराव," मी म्हणालो. "लहान आहे. होतं असं पोरींच्या हातून."

तेव्हा हर्षदाने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग बाळ रडायला लागलं म्हणून ती आत गेली.

पंगती उठल्या. सिंधू मला मागच्या दारी गाठून म्हणाली, "बोलले का नही तुमी?"

"साठ माणसं जेवत होती. तमाशा करायचा होता का?"

"तमाशा तर झाला. पोरीचा झाला."

"मिटलं आता. नवरा-बायकोचं असतं असं."

"मग आता सांगा त्याले. आता कोनी नही."

"सांगतो," मी म्हणालो, आणि खुर्च्या मोजून द्यायला मांडववाल्याकडे गेलो.

मी संध्याकाळी सांगितलं नाही. जावई माझ्याजवळ येऊन बसला, मला एस.टी.च्या बॅटऱ्यांविषयी विचारू लागला, खरंच मन लावून ऐकू लागला. मी दोन तास बोललो.

सकाळी उठलो तर हर्षदा बॅग भरत होती. ठरल्याप्रमाणे ती ऑगस्टपर्यंत राहणार होती. जावयालाही नवल वाटलेलं दिसलं. "राहायचं असेल तर राहा ना," तो म्हणत होता. "मी पुढच्या महिन्यात येतो न्यायला."

"नाही, येते मी," ती म्हणाली.

सिंधूने खूप समजावलं. "सव्वा महिना आत्ताशी होतोय. लेकराले आंघोय कोन घालंल तिथं? पाठवणी नही, कायी नही, आसं जातं का कोनी माहेराहून?"

"जमेल, आई," ती म्हणाली. ती आईशी नीट बोलत होती, चहा नीट करून देत होती, तिने आईला मिठीही मारली. माझ्याशीही ती चांगलंच बोलत होती, पाहुण्याशी बोलावं तसं.

गाडीची बॅटरी पुढे पुण्यात तपासली तेव्हा ती सहा टक्क्यांनी उतरलेली निघाली, असं मला नंतर कळलं. कागदावरची अकराही कलमं बरोबर होती. त्याला जे कळत होतं ते मला कळत नव्हतं, एवढीच गोष्ट होती. ती कबूल करायला मला त्या वेळी जमलं असतं तर माझं काय गेलं असतं, याचा हिशेब मी गेली सहा वर्षं करतोय आणि उत्तर दर वेळी एकच येतं. काही गेलं नसतं.

जावई आत सासूचा निरोप घेत होता. मी डिकीत बॅग ठेवली. हर्षदा बाळाला एका हातात धरून मागच्या सीटवर दुपटं अंथरत होती. आम्ही दोघंच होतो.

"ती गन मी लावली होती, हे मी सांगतो त्यांना," मी म्हणालो. "तुम्ही पोहोचलात की फोनवर सांगतो."

"नको, नाना."

"का नको? तुला उगाच बोलणी बसली."

"आता सांगितलंत तर खोटं का बोललीस म्हणून परत तेच सुरू होईल." तिने दुपट्याची सुरकुती हाताने सरळ केली. "राहू द्या."

"चिडलीस माझ्यावर?"

तिने थोडा विचार केला. मी तिचा बाप, मला तिचा राग ओळखू येतो. तिला राग आलेला नव्हता. तो आला असता तर मी हातापाया पडलो असतो, काहीतरी केलं असतं.

"चार वर्षं हे असंच चाललंय, नाना," ती म्हणाली. "भाजीत मीठ जास्त झालं, कपाटाची किल्ली सापडली नाही, काहीही. घरात बोलतात, त्यांच्या आईसमोर बोलतात, मित्रांसमोर बोलतात. कोणी काही म्हणत नाही. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, एकदा नानांच्या समोर बोलू दे. मग बघू."

एवढं बोलून ती सीटवर बसली आणि तिने बाळाला मांडीवर घेतलं.

जावई बाहेर आला, माझ्या पाया पडला. "नाना, पुन्हा कधी लांब जायची वेळ आली तर गाडी तुमच्याच स्वाधीन करीन," तो म्हणाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. गाडी फाटकातून बाहेर गेली, कोपऱ्यावर वळली.

सिंधू डोळ्याला पदर लावून ओट्यावर उभी होती.

"तुमच्यासंगं काय बोलत होती पोरगी?" तिने विचारलं.

"कायी नही," मी म्हणालो. "पोहोचल्यावर फोन करते म्हणे."